रस्त्याकडेची भिंत, झाड आणि गुरे : अपघातात जमीनमालकाची जबाबदारी कुठे सुरू होते?

बार्देश तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांचा धाकटा भाऊ स्कूटरवरून घरी येत होता. वळणावरच्या एका बंद घराच्या कुंपणाची चिऱ्यांची भिंत पावसात रस्त्यावर कोसळून आठ दिवस तशीच पडून होती. तिच्यावर स्कूटर आदळून भावाच्या मांडीचे हाड मोडले. पोलिसांनी ‘सेल्फ अ‍ॅक्सिडेंट’ अशी नोंद केली. घराच्या मालकांपैकी एक भाऊ मुंबईला असतो, दोघे पोर्तुगालमध्ये आहेत, आणि मुंबईचे मालक ‘पाऊस देवाचा, त्याला मी काय करू’ असे म्हणतात. अशा स्थितीत मालकाकडून भरपाई मागता येते का, असा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. शेवटी त्यांनी एक उपप्रश्नही जोडला आहे : त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचा जुना आंबा रस्त्यावर झुकलेला आहे, तर उद्या त्याचे काही झाले तर ते स्वतः अडकतील का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि माझ्या मते आपली बाजू आपण समजता त्यापेक्षा बळकट आहे. ‘सेल्फ अ‍ॅक्सिडेंट’ ही पोलीस ठाण्याची आणि वर्तमानपत्रांची भाषा आहे. दुसरे वाहन गुंतलेले नव्हते, एवढाच तिचा अर्थ होतो. दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता, असा तिचा अर्थ होत नाही. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. या अहवालांचा सगळा भर वाहन, चालक, परवाना आणि विमा यांवर असल्यामुळे भिंत कोणाची होती हा प्रश्न तपासात बहुधा कोणी विचारतच नाही, आणि जे विचारले गेले नाही ते पुढे कागदावर नसते. म्हणून सविस्तर अहवाल जाण्यापूर्वीच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन भिंतीचा, तिच्या ढिगाऱ्याच्या रुंदीचा आणि तिथे दिवा किंवा खुणेचा फलक नव्हता याचा उल्लेख पंचनाम्यात व पुरवणी जबाबात करून घ्यावा.

आता मूळ कायदा. आपल्याकडे रस्त्यालगतच्या मिळकतीमुळे झालेल्या इजेचे दायित्व एका कलमात लिहिलेले नाही. ते निष्काळजीपणा आणि उपद्रव या अपकृत्य कायद्याच्या (म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या दिवाणी कायद्याच्या) दोन तत्त्वांतून, न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आलेले आहे. त्यातला पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळ मनोऱ्याच्या प्रकरणात दिला. तो मनोरा १९५१ मध्ये कोसळला आणि त्याखाली माणसे मेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, आणि ज्या प्रकारच्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे असते, असे पुराव्यात आले. दोष बाहेरून दिसत नव्हता, आम्हाला तो ठाऊक नव्हता, असा मालक असलेल्या महापालिकेचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. सार्वजनिक रस्त्याला लागून ज्याचे बांधकाम आहे, त्याच्यावर ते सुरक्षित ठेवण्याचे विशेष बंधन असते. डागडुजीअभावी ते धोकादायक होऊन कोणाला इजा झाली तर दोष उघड होता की लपलेला, मालकाला तो माहीत होता की नव्हता, याने मालक सुटत नाही, असे न्यायालयाने सांगितले. बांधकाम आपोआप कोसळते याचाच अर्थ कोणीतरी काळजी घेतली नाही, असे अनुमान करून पुराव्याचे ओझे मालकाकडे सरकते.

आपल्या प्रकरणात तर लपलेल्या दोषाचा वादही नाही. भिंत पहिल्या दिवशी पडली तेव्हा मालकाला माहीत नसेल, असे घटकाभर मानू. पण आठव्या दिवशी तो तसे म्हणू शकत नाही. मालक परगावी आहे म्हणून रस्ता वापरणाऱ्याचा हक्क कमी होत नाही. घर बंद ठेवून जाणाऱ्याने पावसाळ्यात त्यावर कोणाची तरी नजर राहील अशी व्यवस्था करणे हीच त्याच्याकडून अपेक्षित असलेली किमान काळजी आहे. गोव्यातल्या गावागावांत अशी कुलूपबंद घरे उभी आहेत, आणि त्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, दरवर्षी आधी फुगतात आणि मग रस्त्यावर येतात. मातीत किंवा जुन्या चुन्यात रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीमागे भरावाची माती असेल आणि पाणी निघायला भोके ठेवलेली नसतील, तर साचलेल्या पाण्याचा दाब भिंतीला रस्त्याकडे ढकलतो. ही गोष्ट इथला कोणताही गवंडी सांगेल, आणि मी अशा दाव्यात तज्ज्ञ म्हणून अभियंत्याआधी गवंड्यालाच तपासायला सांगतो.

‘देवाची करणी’ हा बचाव कायद्यात आहे, पण तो अपवादात्मक आणि माणसाच्या अंदाजापलीकडच्या नैसर्गिक घटनेपुरता आहे. ज्या राज्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो, तिथे जूनमधला मुसळधार पाऊस अनपेक्षित होता असे न्यायालयापुढे म्हणणे धाडसाचे ठरेल.

झाडांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे बरेच लोक, कधी कधी वकीलसुद्धा, गफलत करतात. भिंत माणसाने बांधलेली असते. झाड वाढलेले असते. म्हणून झाडाच्या बाबतीत मालकाला धोका माहीत होता किंवा सामान्य नजरेने पाहिले असते तर माहीत झाला असता, हे दावेदाराला दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट होतो. १९९७ च्या राजकोटच्या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून पादचारी मेला, तरी महापालिकेला जबाबदार धरले गेले नाही, कारण झाड धोकादायक झाल्याचे तिला माहीत असल्याचा पुरावा नव्हता. १९९९ च्या दिल्लीच्या प्रकरणात १९६४ मध्ये स्कूटरवरून जाणाऱ्याच्या डोक्यावर फांदी पडली होती. तिथे झाडाची अवस्था धोकादायक असल्याचे पुराव्यात आले आणि महापालिकेला भरपाई द्यावी लागली. इंग्लंडमध्ये १९२६ मध्ये रस्त्यावर आलेली फांदी मोडून वाहनावर पडली, तेव्हाही आतला दोष बाहेरून कळण्यासारखा नव्हता म्हणून मालक सुटला होता. निरोगी झाड वादळात पडले तर बहुधा कोणीच देणे लागत नाही. पोकळ, कुजलेले किंवा दरवर्षी थोडे अधिक ओणवणारे झाड पडले तर मालक देणे लागतो.

‘माहीत होते’ हे सिद्ध कसे करायचे, याचे एक उदाहरण माझ्याच वकिलीतले आहे. फोंडा तालुक्यात रस्त्याच्या कडेचा एक माड मोटारसायकलवर पडला. भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, म्हणणे होते की माड शेंड्यापर्यंत हिरवा होता. आम्ही पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, साक्षीला बोलावले. त्याने सांगितले की सोंड्या भुंग्याने खोड पोखरले होते, ठोकले की पोकळ वाजत होते, म्हणून मागच्या दोन पाड्यांना तो त्या माडावर चढलाच नव्हता, आणि त्या माडाचे नारळ हिशेबात का नाहीत हे त्याने भाटकाराला तेव्हाच सांगितले होते. पुढे उलटतपासणीची वेळ आली नाही. प्रकरण तडजोडीने मिटले.

आता नोटीस कोणाला द्यायची? मिळकतीचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी उतारा) आणि सर्व्हे नकाशा काढून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. उताऱ्यात आजोबांचे नाव असते, आजोबा वारून चाळीस वर्षे झालेली असतात, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील वाटणीची न्यायालयीन कारवाई, कोणी केलेलीच नसते. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या नियमांप्रमाणे वारसाहक्क आणि पतिपत्नीची समाईक मालकी चालत असल्यामुळे हयात वारस आणि त्यांचे जोडीदार या सर्वांनाच आम्ही पक्षकार करतो, कारण एखादे नाव राहिले तर पुढे वसुलीच्या वेळी नेमकी त्यावरच हरकत येते. पोर्तुगालमधल्या दोघा भावांवर समन्स बजावणे आंतरराष्ट्रीय करारामार्गे शक्य आहे, पण त्यात महिने जातात. त्यापायी दावा अडवून ठेवण्याचे कारण नाही. एकाहून अधिक व्यक्तींच्या दोषामुळे इजा झाली असेल तर जखमीला त्यांतल्या कोणा एकाकडूनही संपूर्ण रक्कम वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोटार अपघाताच्याच संदर्भात स्पष्ट केले आहे. मुंबईच्या भावाने पैसे भरल्यावर त्याने आपल्या भावांकडून वाटा मागावा, तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे. घरात भाडेकरू असता तर ताबा त्याचा म्हणून त्यालाही ओढावे लागले असते. भाटकार आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्यात तर घराभोवतीची भिंत कोणी बांधली, झाडाचे उत्पन्न कोण घेतो आणि डागडुजी आजवर कोणी केली, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पंचायत आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनाही सोडू नये. रस्ता गावचा असेल तर पंचायत, खात्याचा असेल तर खाते. आठ दिवस ढिगारा रस्त्यावर राहणे हे त्यांचेही अपयश आहे. मात्र सरकारी खात्यावर दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, पंचायतीलाही आधी नोटीस द्यावी.

दुरुस्ती किंवा बांधकाम चालू असताना अपघात झाला तर मालक हमखास ‘काम कंत्राटदाराकडे होते’ असे म्हणतो. इतर कामांत हा बचाव काही प्रमाणात चालतो. सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्याला लागून असलेल्या धोकादायक कामात तो फारसा चालत नाही. १८७६ च्या एका इंग्रजी निकालात रस्त्यावर लोंबणारा दिवा दुरुस्त करायला मालकाने कारागीर नेमला होता, तरी दिवा पडल्यावर मालकालाच जबाबदार धरले गेले, आणि ते तत्त्व आपल्याकडेही वकील अजून वापरतात. सध्या गोव्यात बंगल्यांची जी कामे निघाली आहेत त्यांच्या फाटकातून टिप्परच्या चाकांना लागून बाहेर येणारी तांबडी माती पहिल्या सरीत साबणासारखी होते. वळणावर ओतलेली रेती आणि खडी, नळजोडणीसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर, रात्री दिव्याशिवाय ठेवलेले चिऱ्यांचे ढीग, हे सगळे याच वर्गात येते. वीजवाहिनीचा नियम आणखी कडक आहे. पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार मेला, त्या मध्य प्रदेशच्या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज नाही असे म्हटले.

गुरांबद्दल आपण विचारलेले नाही, पण आपल्या रस्त्यांवरचा तो नेहमीचा विषय आहे म्हणून दोनच वाक्ये लिहितो. रात्री डांबरी रस्त्यावर बसलेल्या गुराचा मालक असतोच, त्याच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या बारा आकडी क्रमांकावरून तो शोधता येतो, आणि जनावराची पुरेशी काळजी न घेऊन माणसाच्या जिवाला धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. अडचण ही की अपघातानंतर त्या गुराला ‘आमचे’ म्हणणारा कोणीही पुढे येत नाही, म्हणून बिल्ल्याचे छायाचित्र जागेवरच काढावे.

समोरचे वकील आपल्या भावावर दोन आरोप करतील : वेग जास्त होता आणि लक्ष नव्हते. भावाचा स्वतःचा दोष सिद्ध झाला तर दावा फेटाळला जात नाही, रक्कम त्या प्रमाणात कमी होते. उदाहरणार्थ, एकूण नुकसान ५ लाख ठरले आणि भावाचा दोष २० टक्के मानला गेला, तर ४ लाख मिळतील. पण हा दोष अपघाताशी जोडलेला असावा लागतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरूनच भरपाई कापणे चूक ठरवले, कारण त्या बसण्यामुळे अपघात घडल्याचे दिसत नव्हते. भावाने हेल्मेट घातले नसेल तर मांडीच्या हाडाशी त्याचा संबंध नाही, हे आपल्या वकिलांना ठामपणे मांडता येईल. वळणापासून ढिगारा किती अंतरावर होता आणि उजेड किती होता, हे मात्र रात्रीच्याच वेळी मोजून घ्या. दिवसा काढलेली छायाचित्रे इथे विरुद्ध बाजूच्याच कामी येतात.

आता कुठल्या न्यायालयात जायचे, हा या प्रकरणातला सर्वात नाजूक भाग. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वस्त आणि तुलनेने जलद असते, आणि रेल्वे फाटकांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असे ठरवले की वाहनाच्या वापरातून घडलेल्या अपघातात वाहनाव्यतिरिक्त इतर दोषी व्यक्तींविरुद्धही न्यायाधिकरण निवाडा देऊ शकते. २००२ मध्ये हे तत्त्व आणखी पुढे नेले गेले. एखाद्या रिक्षाच्या किंवा बसच्या प्रवाशाला अशी इजा झाली असती तर मी डोळे मिटून तिथेच, वाहनमालक, विमा कंपनी आणि भिंतीचा मालक अशा तिघांवर अर्ज केला असता. आपल्या भावाचे तसे नाही. वाहन त्याचेच, चालकही तोच. स्वतःच्या विमा कंपनीकडून त्याला स्वतःच्याच दोषाची भरपाई मिळू शकत नाही. सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याची १५ लाखांची मर्यादा मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहे, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास तिच्या निम्मी. जुळणाऱ्या अस्थिभंगाला त्यात काही नाही. म्हणून अशा प्रकरणात भिंतीच्या मालकाविरुद्ध थेट दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावणे मला अधिक सुरक्षित वाटते. न्यायाधिकरणात अधिकारक्षेत्राच्या वादात दोन-तीन वर्षे घालवून पुन्हा दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढलेले पक्षकार मी पाहिलेले आहेत.

मुदती लक्षात ठेवा, कारण चांगला दावा मुदतीत मरतो. न्यायाधिकरणाकडे अर्जाची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्यावर विसंबून बसू नये. इजेबद्दलच्या दिवाणी दाव्यास सर्वसाधारणपणे ३ वर्षे मिळतात, मृत्यूच्या प्रकरणात वारसांना २. पंचायत किंवा खाते पक्षकार असेल तर कायद्याने नेमून दिलेल्या कामातील कसुरीला एकच वर्षाची मुदत आहे असा आक्षेप ते घेतात, आणि तो दर वेळी फेटाळला जातोच असे नाही. आपण सर्वांविरुद्धचा दावा वर्षाच्या आत, नोटिशीचा काळ धरून, दाखल करावा हे उत्तम.

नोटिशीपूर्वी जमवण्याच्या गोष्टींत शेजाऱ्यांची साक्ष मी सर्वांत वर ठेवतो. भिंत कोणत्या दिवशी पडली, पडण्यापूर्वी ती फुगलेली होती का, आणि मुंबईच्या मालकाला कोणी फोन केला होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडेच मिळतील. मालकाला पाठवलेला ढिगाऱ्याचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप फोटो कोणाच्या फोनमध्ये असेल, तर तो फोन सांभाळून ठेवायला सांगा. पंचायतीत आधी कोणी तक्रार केली होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. इस्पितळाची कागदपत्रे, औषधांची बिले आणि कामावरील गैरहजेरीचा दाखला यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

फौजदारी बाजू थोडक्यात : आपल्या ताब्यातील मालमत्तेची योग्य व्यवस्था न ठेवून सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, पण त्याला केवळ ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचा उपयोग शिक्षेपेक्षा मालकाला बोलणीच्या टेबलावर आणण्यासाठी होतो. उरलेली भिंतही पडायला आली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पडण्याच्या बेतात असलेली बांधकामे आणि झाडे, आणि रस्त्यालगतचे उघडे खड्डे व विहिरी यांचा त्या कलमात नावानिशी उल्लेख आहे.

राहिला आपला आंबा. झाड झुकले आहे आणि त्याची आपल्याला काळजी वाटते, हे आपण मला लेखी कळवले आहे, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव आपण या पत्राबरोबरच सोडून दिला. घाबरण्याचे कारण नाही, पण कुऱ्हाडही उचलू नका : गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली खासगी जमिनीतले झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडाला २०१६ मध्ये त्यातून वगळले होते, २०१७ मध्ये तो पुन्हा आत आला आणि राज्यवृक्षही ठरला. या आठवड्यातच वृक्ष अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह अर्ज करा, प्रत पंचायतीला द्या आणि दोन्हींची पोच घ्या. फांद्या तारांना लागत असतील तर वीज खात्याला कळवल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका. परवानगी येईपर्यंत रस्त्याकडच्या बाजूला दिसेल असा फलक लावा. आपल्या घरविम्याचे कागदही एकदा उघडून पाहा. तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचे संरक्षण त्यात सहसा आपोआप नसते, ते मागून आणि वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते.